चावी मिळाली, ओसी नाही

मागच्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीतल्या पाचव्या मजल्यावरच्या काकांनी फ्लॅट विकायला काढला. मुलगी पुण्यात, काकूंचे गुडघे गेलेले, दोघांना तिच्याजवळ जायचं होतं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, टोकन झालं, आणि मग गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलांनी एका ओळीचा निरोप पाठवला: भोगवटा प्रमाणपत्राची प्रत द्यावी. काका फाइल घेऊन माझ्याकडे आले, कारण सोसायटीची सचिव मी. फाइलमध्ये नोंदणीकृत करारनामा होता, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) होता, शेअर सर्टिफिकेट होतं, ११ वर्षांच्या मालमत्ता कराच्या पावत्या आणि विजेची बिलं प्लास्टिकच्या पिशव्यांत तारखेवार लावलेली होती. ओसी, म्हणजे हेच भोगवटा प्रमाणपत्र, नव्हती. काकांची हरवली नव्हती, आमच्या इमारतीला ती मिळालेलीच नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत आम्ही ५६ कुटुंबं गेली ११ वर्षं राहतो आहोत, आणि कागदोपत्री आमची इमारत अजून बांधून पूर्ण झालेली नाही.

व्यवहार मोडला. टोकन परत करावं लागलं. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे, आणि वर्षभर कागद वाचून, खिडक्यांवर उभं राहून एका मतापर्यंत आले आहे. बांधकामाचे नियम आपल्याकडे कमी नाहीत आणि सौम्यही नाहीत. पण ज्याने नियम मोडला आणि ज्याने तो मोडू दिला ते दोघंही सहीसलामत सुटतात, आणि दंड भरतो तो ज्याच्या हातात मंजूर नकाशा कधी आलाच नाही. ही रचना बदलली नाही तर आणखी कितीही कडक नियम केले तरी भोगणार आम्हीच.

आमचा मंजूर नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तो माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर. कार्यालयातल्या एका लिपिकाने गुंडाळी टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट आणि स्टेपलर ठेवले आणि म्हणाला, "ताई, इकडून बघा, रस्ता या बाजूला आहे." मी बघत राहिले. तळमजल्यावर सगळा स्टिल्ट, म्हणजे नुसते खांब आणि गाड्यांची जागा. प्रत्यक्षात तिथे दोन दुकानं आहेत, एक औषधांचं आणि एक इस्त्रीवाल्याचं. बिल्डरने भिंती घालून ती विकली. बाजूला चौकोन आखून '९' आकडा घातलेला एक गाळा होता. त्याच्या जागेवर बोट ठेवल्यावर लक्षात आलं की हे आमचं सोसायटी ऑफिस. ज्या टेबलावर बसून मी पालिकेला पत्रं लिहिते ते टेबल मंजूर नकाशात नऊ नंबरच्या गाडीच्या जागेवर आहे. हे ऑफिस बिल्डरने आम्हाला बांधून दिलं तेव्हा आम्ही त्याचा सत्कार केला होता.

औषधांच्या दुकानवाल्याकडेही करारनामा आहे. त्याने मुद्रांक शुल्क भरलंय, नोंदणी शुल्क भरलंय. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवताना विकली जाणारी जागा मंजूर नकाशात आहे का, हे कोणी ताडून पाहत नाही. वास्तविक मोकळा स्टिल्ट बिल्डरला वेगळा विकताच येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्येच मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं. आमच्या इमारतीचं काम सुरू झालं त्यानंतर. निकाल होता, कायदा होता, नकाशाही होता, आणि तरीही भिंती उभ्या राहिल्या.

आता ओसी म्हणजे नेमकं काय आणि ती कुठे अडते, हे थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते घर घेताना माहीत नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या सगळ्याचा पाया. त्याखाली आर्किटेक्टमार्फत अर्ज जातो, नकाशे तपासले जातात, शुल्क भरलं की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे सीसी म्हणतात. पाया भरून जोतं वर आलं की तपासणी मागायची: इमारत नकाशात दाखवलेल्या जागीच बसली आहे ना, कडेची मोकळी अंतरं सुटली आहेत ना, हे तेव्हा मोजलं जातं. त्याच्या पुढचे मजले चढतात. शेवटी आर्किटेक्ट काम पूर्ण झाल्याचा दाखला देतो, अग्निशमन दलाचं अंतिम ना हरकत, लिफ्टचा परवाना, मलनिःसारणाची जोडणी, झाडं, पर्जन्यजल संधारण अशी एकेक अट पूर्ण झाल्याचे कागद जोडले जातात आणि पालिका भोगवटा प्रमाणपत्र देते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, त्यामुळे शहरागणिक वेगळे नियम ही जुनी तक्रारही बरीचशी संपली.

या साखळीत जोत्याची तपासणी आणि ओसी यांच्या मधला काळ सर्वांत मोठा आणि सर्वांत रिकामा आहे. दोन, तीन, कधी पाच वर्षं. जी काही लबाडी व्हायची ती याच काळात होते. स्टिल्टला भिंत याच काळात लागते, गच्चीवर वाढीव मजला याच काळात चढतो. आमच्या दुकानांच्या भिंतींना वीट लागली तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ती दिसत होती. पण नकाशात तिथे भिंत नाही हे माहीत असणारे दोघंच, बिल्डर आणि त्याचा आर्किटेक्ट. तिसरी प्रत फाइलमध्ये, आणि फाइल कपाटात.

मग बिल्डर ओसीच्या वाटेला जात नाही, कारण गेला तर मोजमाप होईल. तो ग्राहकांना चावी देतो. या चावीला हल्ली 'फिट-आउट पझेशन' असं गोंडस नाव आहे: आत फर्निचरचं काम करून घ्या, ओसी येतेच आहे. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकदम भरून टेकीला आलेलं कुटुंब नाही म्हणत नाही. आम्हीही म्हटलं नाही. गृहप्रवेशाची पूजा झाली, गॅसचं कनेक्शन आलं, आणि बिल्डरची शेवटच्या हप्त्याची वसुली झाली. त्यानंतर त्याला ओसीसाठी धडपडण्याचं कारण उरलं नाही.

हे कायद्याला माहीत नव्हतं असं नाही. आपल्या राज्यातल्या १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यात, ज्याला सगळे मोफा म्हणतात, स्पष्ट लिहिलंय की पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये. त्याच वाक्यात पुढे असंही आहे की कोणी ताबा घेऊही नये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसले. साठ वर्षांपूर्वीच कायदा आमच्याशीही बोलला होता. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, तर २०१६ चा, आणि त्याखालचं राज्याचं प्राधिकरण महारेरा मे २०१७ पासून कामाला लागलं. त्यातही ओसी मिळवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. जानेवारी २०२२ मध्ये समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ही चूक दररोज चालू राहणारी आहे, म्हणून मुदत संपली हे कारण बिल्डरला पुढे करता येणार नाही. त्या संस्थेचे सभासद १९९७ पासून राहत होते. ओसी नाही म्हणून मालमत्ता कर २५ टक्के जास्त, पाणीपट्टी ५० टक्के जास्त, असा भुर्दंड ते भरत होते. पंचवीस वर्षं. आणि २०२२ मध्ये जे मिळालं ते तक्रार ऐकून घेण्याचा हक्क. प्रकरण पुन्हा ग्राहक आयोगाकडे गेलं.

या वाढीव दरांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. बेकायदा बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद महापालिकांच्या कायद्यात आहे, आणि त्याच कलमात असंही आहे की शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. म्हणजे पैसे घ्यायचे आणि दोषही कायम ठेवायचा. भरणारा कोण? ज्याने बांधलं तो केव्हाच दुसऱ्या प्लॉटवर गेलेला असतो. मला वाटतं, ओसी नसलेल्या इमारतीची प्रत्येक वाढीव आकारणी बिल्डरच्या नावाने निघाली पाहिजे, आणि ती भरल्याशिवाय त्याची पुढची सीसी थांबली पाहिजे. त्याचा पॅन तोच असतो, भागीदार बहुतेक तेच असतात, शहर तेच असतं. त्याची एक फाइल अडली की दुसरी आपोआप हलेल.

आमची गोष्ट मात्र त्यातल्या त्यात बरी आहे. आमच्याकडे सीसी होती, नकाशा होता, खांब नकाशाप्रमाणे आहेत. ठाण्यात दुसऱ्या जातीचं बेकायदा बांधकामही आहे, ज्याला सुरुवातीपासून कोणाची परवानगीच नसते. ४ एप्रिल २०१३ ला शीळ इथे सात मजल्यांची इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आलेली होती. बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. त्या आठवड्यात ठाण्यातल्या प्रत्येक घरात, आमच्या घरातही, हाच विषय होता. सगळ्यांना वाटलं आता तरी हे थांबेल. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याच शीळ परिसरातल्या १७ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश द्यावा लागला. तेच गाव, बारा वर्षांनी. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत तर खोट्या परवानग्या बनवून त्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या. तिथल्या ग्राहकांनी रेरा नंबर पाहूनच घर घेतलं होतं. याहून जास्त सावध राहायचं म्हणजे त्यांनी काय करायला हवं होतं?

या दोन प्रकारांत फरक केला नाही तर चर्चा भरकटते. ज्या इमारतीचा पाया, लोखंड, काँक्रीट कोणीच तपासलेलं नाही तिला दंड घेऊन पावन करून घेणं म्हणजे माणसांच्या जिवावर पावती फाडणं. राज्याने २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात ५२ अ हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बेकायदा बांधकामं शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली. त्यामागे नवी मुंबईत दिघ्याला जे घडलं त्याचा दबाव होता. एमआयडीसीच्या आणि सिडकोच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या ९९ इमारतींचा प्रश्न होता, न्यायालयाचे आदेश होते, पोरांची शाळा चालू असताना सामान खाली उतरवणारी कुटुंबं होती. त्यांचं दुःख खरं होतं. पण अशी तारीख एकदा जाहीर झाली की पुढच्या बांधकामवाल्याला कळतं की आणखी एक तारीख येणार आहे. तो तेवढ्या भरवशावर स्लॅब टाकतो. म्हणून सरसकट नियमित करण्याला माझा विरोध आहे, आणि दिघ्यातल्या माणसांबद्दल कळवळा वाटूनही तो आहे.

नवी मुंबईतल्या गावठाणांची गोष्ट मी यात मिसळत नाही. ९५ गावांच्या जमिनी घेऊन शहर वसलं, गावठाणाचा विस्तार वेळेवर झाला नाही, कुटुंबं वाढली आणि लोकांनी गरजेपोटी घरं बांधली. ती भूमिपुत्रांची घरं आहेत आणि ती कायम करणं हे सरकारचं जुनं देणं आहे. पण त्याच आडोशाने बाहेरचा ठेकेदार येतो, गावकऱ्याशी भागीदारी करतो, दोन महिन्यांत चार मजले उभे करतो आणि खोल्या विकून निघून जातो. त्याला 'गरजेपोटी' हा शब्द वापरू देता कामा नये. हे कोण बोलणार, तर गावातल्याच माणसांनी बोललं पाहिजे, आणि काही जण बोलतातही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही: रीतसर जाणाऱ्याला इतका वेळ लागतो की माणूस वाकडी वाट धरतो. कायद्यात अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे, पण मानीव परवानगीवर बांधकाम काढायला कोण धजावतं? बँक त्यावर कर्ज देताना दहा प्रश्न विचारते. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटला नव्या नियमावलीने जवळजवळ मोकळीक दिली, नकाशा दाखल करून शुल्काची पावती घेतली की काम सुरू करता येतं. हे फार चांगलं झालं. पण वेळ लागतो ही तक्रार सीसीच्या आधीची आहे. स्टिल्टला भिंत घालणाऱ्याला कसला उशीर झाला होता? त्याच्याकडे परवानगी होती. त्याला फक्त दोन दुकानांचे पैसे हवे होते.

नोटीस या प्रकाराबद्दलही बोललं पाहिजे. त्याच अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस निघते, महिन्यापर्यंत मुदत असते, तेवढ्यात समोरचा न्यायालयातून स्थगिती आणतो, आणि पालिकेच्या लेखी 'कारवाई केली' असा शेरा पडतो. मला माहिती अधिकारात जे कागद मिळाले त्यांत आमच्या दुकानांनाही एक नोटीस दिल्याची प्रत होती, नऊ वर्षांपूर्वीची. दुकानवाल्याने ती बिल्डरकडे दिली, बिल्डर म्हणाला मी बघतो. पुढचं पान कोरं. ती नोटीस तेव्हा सोसायटीच्या फलकावर लावली असती, प्रत्येक सदनिकाधारकाला एक प्रत आली असती, तर आम्ही जागे झालो असतो. तेव्हा बिल्डरचे सात फ्लॅट विकायचे बाकी होते आणि आमचा शब्द त्याला ऐकावा लागला असता.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. मंजूर नकाशा कपाटातून बाहेर काढा. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात निकाल देताना देशभरासाठी सूचना दिल्या आहेत: बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावायचा, अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून नोंद ठेवायची, ओसी पाहूनच वीज-पाणी जोडायचं, बँकांनी ओसी तपासूनच कर्ज द्यायचं, आणि चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई करायची. यातली पाहणीची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबनंतर तारीख, फोटो आणि पाहणाऱ्याचं नाव. ते नाव ऑनलाइन दिसलं पाहिजे, ग्राहकाला घरबसल्या. प्रभाग समितीतला अधिकारी बदलून जातो, त्याची सही मागे राहायला हवी.

दुसरी मागणी आमच्यासारख्या अडकलेल्या इमारतींसाठी. ओसीसाठी अर्ज करण्याचा हक्क सोसायटीला सरळ द्यावा, बिल्डरच्या सहीशिवाय. आज नवा आर्किटेक्ट नेमायचा तर जुन्याचं ना हरकत आणा म्हणतात, आणि जुना बिल्डरच्या पैशांवर असतो, फोन उचलत नाही. संस्थेने स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल द्यावा, अटी पूर्ण कराव्यात, जे वाढीव आहे ते पाडावं किंवा नियमात बसत असेल तर शुल्क भरावं, आणि तो खर्च बिल्डरकडून वसूल करण्याचं काम यंत्रणेने करावं.

आता आमच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. मार्चमध्ये आम्ही इंजिनीअर बोलावला. त्याने स्टिल्टमधल्या खांबाचं थोडं प्लास्टर फोडून आतल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. चांगलं काँक्रीट गर्द गुलाबी होतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने खराब झालेला भाग रंगच घेत नाही, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आमचे खांब आतपर्यंत गुलाबी झाले, मला रडू यायचं बाकी होतं. मग तो घरोघरी गेला. तिसऱ्या मजल्यावर एकाने स्वयंपाकघर मोठं करायला सुक्या बाल्कनीची भिंत काढलेली. सातव्यावर एसीच्या पाइपसाठी तुळईला भोक पाडलेलं, सळई कापलेली. ३१ घरांनी बाल्कन्या काचा लावून बंद केल्यात. फ्लॉवर बेड खोलीत घेतलेले मोजलेच नाहीत. बिल्डरने आम्हाला विचारलं नाही, तसं आम्हीही कोणाला विचारलं नाही. त्या तुळईच्या घरमालकांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या घरात मी काय करायचं ते तुम्ही सांगणार?" वहिनी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, वरच्यांच्या डोक्यावरचा भार आपल्या तुळईवर आहे." पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून घेतली.

अवघड प्रश्न दुकानांचा आहे. ती राहिली तर ओसी येणार नाही, आणि पाडली तर औषधांच्या दुकानवाल्याचं पोट जातं, ज्याने लॉकडाऊनमध्ये प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दारात गोळ्या पोचवल्या. सर्वसाधारण सभेत दोन तास यावर वाद झाला. शेवटी ठराव झाला की दुकानवाले आणि सोसायटी मिळून बिल्डरविरुद्ध ग्राहक आयोगात एकत्र तक्रार करतील, आणि नुकसानभरपाई मिळेपर्यंत दुकानांची जागा रिकामी करण्याची मुदत पालिकेकडे लेखी मागायची. सोसायटी ऑफिस मात्र आम्ही लगेच पाडतो आहोत. टेबल आणि कपाट तात्पुरतं माझ्या हॉलमध्ये येणार आहे.

मंगळवारी नवा आर्किटेक्ट मोजमापाला येतोय. औषधांच्या दुकानवाल्याला मी सांगून ठेवलंय की सकाळी शटर लवकर उघड, मागची मांडणी भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेव, आतल्या बाजूने माप घ्यायचंय. तो म्हणाला, "ताई, टेप मी धरतो."